उल्का नव्हे

वडणग्याहून सायकलवर आला नियाज मुजावर,
दप्तर एका बाजूला कलंडलेलं.
फडकं सोडून त्यानं टेबलावर ठेवला
नारळाएवढा काळा दगड
आणि उठून दार लोटून घेतलं.
"सर, आभाळातनं पडलाय. उसात घावला.
लोहचुंबक लावलं की ओढतोय.
लाखाला जातोय म्हणं असला."

मी सर नव्हे. भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत
एकोणतीस वर्षं नमुन्यांवरची धूळ पुसतोय.
सर रजेवर होते, एवढंच.

चुंबक दोऱ्याला टांगून जवळ नेलं.
जरासं वळलं, झेपावलं नाही.
तळहातावर तोलला: जड, पण लोखंडाचा जडपणा वेगळा,
तो मनगटाला आधी कळतो.
वरची साल तपकिरी, कपातल्या जुन्या चहासारखी,
नख लावलं तर पापुद्रा सुटला.
आणि भोकं. बारीक, लांबट, एकाच दिशेला कललेली.
"जळताना पडली आसतील," नियाज म्हणाला.
मी म्हटलं, थांब.

दगडाची साल खोटं बोलते.
बाहेर पायरीवर ठेवून एकच घाव घातला.
आत निळसर काळा, ताजा,
दाणा इतका बारीक की भिंगाखालीसुद्धा
कुठेतरी सुईच्या टोकाएवढी चमक, बस.
एका भोकात पांढरं काही बसलेलं, भिजल्या साबुदाण्यासारखं.
आम्लाचा थेंब टाकला. फसफसलं नाही.

"बसाल्ट."
"म्हंजे?"
"म्हणजे तू उभा आहेस ती पायरी."

त्यानं पाय उचलला. खरंच उचलला,
जणू कुणाला तरी लागलं असावं.
मग पायरी पाहिली, जोतं पाहिलं,
फाटकापलीकडे रस्त्याला टाकलेली खडी पाहिली,
आणि लाख रुपये त्याच्या चेहऱ्यावरून
हळूहळू उतरताना मी पाहिले.

काहीतरी बोलावं म्हणून बोलत गेलो:
डोंगर फुटला नव्हता, जमीनच उसवली होती,
रस वाहत आला, थरावर थर,
पन्हाळ्याच्या माथ्यावरचा लाल जांभासुद्धा
याचंच म्हातारपण. साडेसहा कोटी वर्षं.
आकडा म्हणताना नेहमीसारखा माझाच आवाज खोटा वाटला.

"आमचे अब्बा गुळवे हाईत," नियाज मधेच म्हणाला.
"काहील उतरली की वाफ्यात वततात.
बुडबुडं येत्यात. काय फुटत्यात,
काय आतच ऱ्हात्यात, गूळ आवळतोय तंवर.
आन् वाफा लई लवकर गार झाला
तर कणी मोठी धरत न्हाई."
तुकड्यावरनं त्यानं अंगठा फिरवला.
"ह्यो लवकर गार झालाय."

एकोणतीस वर्षांत मी कितीदा ऐकलंय हे
फळ्यासमोर, खडूच्या धुळीत.
असं अंगठ्यानं वाचलेलं पहिल्यांदाच.

"मग ह्ये पांढरं?"
"ते नंतरचं. भोक रिकामं राहिलं,
पाणी झिरपत राहिलं, जाताना थोडंथोडं ठेवून गेलं."
"किती दिस?"
मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

कोपऱ्यात हात धुवायची बादली होती.
त्यानं विचारलं नाही. अब्बा पाण्यात गोळी टाकून
पाक बघत असणार, तसा तुकडा अलगद सोडला.
दगड एकदम काळाभोर झाला
आणि भोकाभोकांतून बुडबुडे निघाले,
एक, मग दोन, मग बारीक माळ.
"सर, तवाची हवा!"

ती हवा आजचीच होती, याच खोलीतली,
आम्लाचा आणि ओल्या फडक्याचा वास असलेली.
मी काही म्हणालो नाही.
दोघं वाकून बघत राहिलो, शेवटचा बुडबुडा येईपर्यंत.

अर्धा तो घेऊन गेला. अर्ध्यावर मी चिठ्ठी डकवली:
बसाल्ट, सच्छिद्र. वडणगे. संग्राहक नि. मुजावर.
कपाटात असे एक्केचाळीस आहेत.
बेचाळिसाव्यासाठी खालच्या फळीवरचं
एक संगमरवर सरकवलं.